डाव्या कुशीवरचा चट्टा

१

वालावलच्या गुरुदास डॉक्टरांना एक जुनाट दुखणं जडलं होतं, आणि त्यावर त्यांच्या कपाटात औषध नव्हतं. कुडाळात कातडीची डॉक्टरीण येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दीड वर्षात डॉक्टरांच्या पोटात दुखायचं एक दिवसही थांबलं नव्हतं.

तीस वर्षं आजूबाजूच्या गावांची खरूज, नायटे, गजकर्ण त्यांनीच बरी केली होती. त्यांचा कंपाउंडर गंगाराम खलात घोटून एक पांढरं मलम बनवायचा, आणि त्याची डबी नाही असं घर पंचक्रोशीत शोधून सापडलं नसतं. आता तीच माणसं सकाळच्या एसटीनं कुडाळला जात. जाताना दवाखान्यावरून जायचं म्हणून खिडकीतून तोंड फिरवून बसत. गेल्या महिन्यात तर कहर झाला. एक इसम दवाखान्यात शिरला, बाकावर टेकला, माठातलं पाणी प्याला आणि म्हणाला, "डॉक्टरांनू, ती कुडाळची कातडीची डॉक्टरीण खंय बसता?" डॉक्टर तेव्हा एका पेशंटचं कार्ड लिहीत होते. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

गुरुवारी दुपारी दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. अशा वेळी हायस्कुलातले सत्यवान मास्तर आले आणि उंबऱ्यातच थांबले. चेहरा पार उतरलेला. मास्तरांची एकुलती एक मुलगी गौरजा. तिचं लग्न फोंडाघाटच्या काशीबाईंच्या मुलाशी, पुष्करशी ठरलेलं, साखरपुडा झालेला, माघातला मुहूर्त धरलेला.

"डॉक्टरांनू, ह्या वाचा," म्हणत मास्तरांनी फोन पुढे केला. फोनवर एका पत्राचा फोटो होता. पत्र टाईप केलेलं.

"तुमच्या होणाऱ्या सुनेच्या डाव्या कुशीवर लिंबाएवढा एक चट्टा आहे. तो महारोगाचा आहे. ही गोष्ट तुमच्यापासून लपवली आहे. खोटं वाटत असेल तर कुडाळच्या कातडीच्या डॉक्टरणीकडे चौकशी करा. तिच्याकडे सगळं लिहिलेलं आहे. एक हितचिंतक."

"पुष्करच्या आवशीक पोस्टान इला," मास्तर म्हणाले. "काशीबाई म्हणतत, लगीन ठेवूचा काय मोडूचा, सोमवारी देवाक कौल लावतंव. पण तेच्या आधी पत्र कोणी धाडल्यान ता सांगा. नुसतो डॉक्टरचो दाखलो नको, दाखले काय, इकत गावतत."

"मग माझ्याकडे कित्याक इलास?"

"काशीबाईंचा म्हायार हयला. तेंच्या बापाशीचा शेवटचा दुखणा तुमीच काढलात. तुमचो शबूद ती मोडूची नाय." मास्तर बाकावर टेकले. "माझा चेडू, गौरजा, दोन दिस जेवक नाय, डॉक्टरांनू."

आता डॉक्टरांच्या मनात काय आलं, ते सांगायला संकोच वाटतो; पण खोटं कशाला बोला? त्यांना बरं वाटलं. पोरीबद्दल नव्हे, पोर त्यांच्या हातावर जन्मलेली. बरं वाटलं ते पत्रातल्या कुडाळच्या उल्लेखानं. पेशंटची गुपितं डॉक्टरणीच्या दवाखान्यातून फुटली अशी एकदा बोंब झाली, की तिथे कुत्रंही फिरकणार नव्हतं.

"बघतंय मी," ते म्हणाले, मास्तरांकडून पत्राची नक्कल एका कागदावर लिहून घेतली, आणि बऱ्याच दिवसांनी उत्साहानं चपला घातल्या.

२

गौरजा मागच्या पडवीत बसली होती. कुडाळच्या कॉलेजात ती ग्रंथपाल. एरवी बोलायला लागली की थांबत नसे, आज विचारावं तेवढंच सांगत होती.

"नोव्हेंबरात पयलो एकच चट्टो होतो, काका. तो तुमका दाखवलेलंय मां? तुमी मलम दिलात. तेना नुसता चुरचुरूक लागला. मगे आठ-धा दिसांनी पाठभर बारीक बारीक उठले, म्हणान कुडाळाक गेलंय. त्यांनी सांगितल्यानी, काय लावू नको, ह्या आपसून येता नि आपसून जाता. मलम पण बंद कर म्हणाल्यो. उरलेली डबी मी गंगारामकाकांका परत देवन इलंय." तिनं पदर जरा सरकवून खांदा दाखवला. तिथे आता फिकट तपकिरी डाग तेवढे उरले होते. "खरंच जातत, बघा."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोर आपल्याकडे येऊन गेली होती एवढं त्यांना आठवत होतं. काय दिलं, काय पाहिलं, ते काही केल्या आठवेना. त्याबद्दल जास्त विचारण्याची त्यांना हिंमतही झाली नाही.

"तुका पाण्यात बघणारा कोण आसा काय?" त्यांनी विचारलं.

गौरजाची नजर आत चुलीकडे गेली. चुलीपाशी तिची चुलतबहीण संचिता बसली होती. तीन वर्षांनी थोरली, सावंतवाडीला नोकरीला, अजून लग्न व्हायची. पुष्करचं स्थळ आधी संचितासाठी आलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाहायला आलेल्या मंडळींना पाणी द्यायला गौरजा बाहेर आली आणि मंडळींचं मन फिरलं. अशी गोष्ट कुठली बहीण विसरेल?

डॉक्टर चुलीसमोर पाट ओढून बसले. "संचिता, पत्र तू लिवलंस?"

संचितानं फुंकणी खाली ठेवली. "काका, माका जळाक होता. पोटभर होता. तिची साडी बघितलंय काय माझा डोक्या फिरता. ता मी नाय म्हणूचंय नाय."

"मगे?"

"मगे काय? मी सुट्टी घेवन डिसेंबरच्या पाच तारखेक इलंय. दुसऱ्या दिसाक तिच्या पाठीक मीच खोबरेल लावलंय. पाठभर चट्टे! चाळीस तरी आसतले. तुमीच सांगा, माका पत्र लिवचा झाला तर मी 'एक चट्टो' लिवीन? माझा पोट एका चट्ट्यान भरात?"

बोलता बोलता तिचे डोळे भरले, आणि ते लपवण्यासाठी ती पुन्हा चूल फुंकू लागली. डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले. मत्सर म्हणजे काय चीज आहे हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. जळणारा माणूस दुसऱ्याचं वाईट सांगताना हात आखडता घेत नाही, चाराचे चाळीस करतो. चाळिसाचा एक कधीच करत नाही.

म्हणजे पत्र लिहिणाऱ्याला एकच चट्टा ठाऊक होता. आणि एकच चट्टा होता तो नोव्हेंबरातल्या त्या आठ-दहा दिवसांत. त्या दिवसांत गौरजाची कूस कोणी पाहिली, असं त्यांनी विचारलं.

"सुगंधान," संचिता नाक पुसत म्हणाली. "लग्नाच्या ब्लाऊजाची मापा तेवाच दिल्यान."

३

सुगंधा शिंपीण बाजारात पाराजवळ बसायची. तिच्या मशीनपेक्षा तिचं तोंड जास्त चाले, म्हणून डॉक्टरांचा संशय वाटेतच निम्मा पक्का झाला होता. त्यातून सुगंधाच्या पुतणीलाही फोंडाघाटचं एक स्थळ नुकतंच नाकारून गेलेलं.

"चट्टो? बघितलंय की," तिनं लगेच कबूल केलं. वहीचं पान थुंकी लावून उलटलं. "बावीस नोव्हेंबर. ह्या बघा, गौरजा सत्यवान. छाती, कंबर, बाही."

"आणि कोणाकोणाक सांगितलंस?"

"कोणाक नाय!"

"सुगंधा."

"माझ्या आवशीची आण! अहो, मी बायकांची मापा घेतंय. कोणाक डाग, कोणाक भाजल्याची खूण, कोणाक नवऱ्यान मारल्याचे वळ. ह्या सगळा भायर बोलाक लागलंय तर माझ्यासमोर पदर कोण काढीत? माझा तोंड चलता ता लोकांच्या म्हशींबद्दल नि सुनांबद्दल. अंगाबद्दल नाय."

डॉक्टरांना हे पटलं, आणि पटल्याचा रागही आला. तीन पायऱ्या उतरून ते निघाले, तर ती मागून ओरडली, "उलट मी तिची काळजी घेतलंय! उजवी शिवण अर्धो इंच सैल ठेवलंय, घासा नये म्हणान."

डॉक्टर थबकले. "खंयची शिवण?"

"उजवी. चट्टो उजव्या कुशीक होतो मां! हय, फासळीच्या खाली." आणि तिनं आपल्याच उजव्या कुशीवर हात ठेवून दाखवला.

पत्रात डावी लिहिलं होतं. डॉक्टरांनी खिशातून कागद काढून पुन्हा वाचलं. डावीच होतं.

सुगंधाची चूक म्हणावी, तर तिनं शिवणच सैल ठेवलेली. मग पत्र लिहिणाऱ्याची चूक. डोळ्यांनी पाहणारा अशी चूक सहसा करत नाही. ऐकणारा करतो, नाहीतर वाचणारा. आणि वाचायचं म्हटलं तर लिहिलेलं असतं ते डॉक्टरांकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचं पाऊल आपोआप एसटीच्या थांब्याकडे वळलं. आता ती कुडाळची डॉक्टरीण सापडली, असं त्यांना वाटलं, आणि वाटेत त्यांनी चक्क एक गाणं गुणगुणलं.

४

शुक्रवारी सकाळी ते कुडाळला डॉक्टर आकांक्षाच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा बाहेर बसायला जागा नव्हती. बाकावरच्या अकरा माणसांपैकी सात त्यांचीच. एकानं वर्तमानपत्र तोंडावर धरलं. एक म्हातारी तर "डॉक्टरांनू, तुमका पण खाज काय?" असं मायेनं विचारती झाली. त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

आकांक्षा स्वतः दारापर्यंत आली. तिशीची असेल नसेल. "सर, आत या ना," म्हणाली, आणि स्वतःची खुर्ची त्यांना देऊन उभी राहिली. तिचं हे वागणंच डॉक्टरांना सर्वांत झोंबलं. उद्धट असती तर सोपं गेलं असतं.

पत्र वाचून तिचा चेहरा पांढरा पडला. "हे बाहेर गेलं तर माझा दवाखाना बंद होईल, सर."

"तुमच्या इथून फुटलं असेल तर व्हायलाच हवा," डॉक्टर म्हणाले.

तिनं गौरजाला फोन करून परवानगी घेतली आणि मग नोंद उघडली. नोंदीत पाठीचं चित्र होतं, त्यावर खुणा होत्या. "मी तिला पाहिलं चार डिसेंबरला. तोपर्यंत छत्तीस चट्टे होते. बघा, पाठीच्या कण्यापासून दोन्ही बाजूंना खाली उतरत गेलेत, माडाच्या झावळीसारखे. आणि हा सर्वांत मोठा, जुना, उजव्या कुशीवर. हा आधी आठ-दहा दिवस एकटाच येतो. मग बाकीचे. या दुखण्याला पिटिरियासिस रोझिया म्हणतात. दोन महिन्यांत स्वतःहून जातं. लागत नाही, परत येण्याचीही फारशी भीती नाही."

डॉक्टर चित्राकडे पाहत राहिले. छत्तीस चट्टे. उजवी कूस. या नोंदीवरून कोणी पत्र लिहिलं असतं, तर 'डावी' आणि 'एक' हे दोन्ही शब्द त्यात आले नसते. गाणं गुणगुणत आलेला माणूस चित्रावरच्या खुणा पुन्हा मोजू लागला.

"आणि तो पहिला," त्यांनी हळूच विचारलं, "गजकर्णासारखा दिसतो?"

"अगदी हुबेहूब. गोल, लाल कड, मध्ये फिका. फसायला होतं." तिनं टेबलावरचा कागद घेऊन वर्तुळ काढलं. "गजकर्णाचे पापुद्रे अगदी बाहेरच्या कडेवर असतात. याचे कडेच्या जरा आत, कॉलरीसारखे, आणि मोकळं टोक मधल्या बाजूला. मीही शिकताना एकदा गजकर्ण म्हणून मोकळी झाले होते. सरांनी सगळ्यांसमोर झाडलं होतं."

"आणि महारोग?"

"तो चट्टा बधीर असतो. कापसाचं टोक फिरवलं की कळतं. मिनिटभराचं काम. गौरजाला प्रत्येक स्पर्श कळत होता."

कापूस. डॉक्टरांना एकाएकी स्वतःचं टेबल आठवलं, त्यावरची कापसाची बरणी आठवली, आणि ती त्या दिवशी उघडली नव्हती हेही आठवलं.

निघताना त्यांच्यानं राहवलं नाही. "तिला आधी मलम कोणी दिलं, ते तुम्ही विचारलं नाहीत?"

आकांक्षानं नोंद बंद केली. "डबी ओळखीची होती, सर. विचारायची गरज वाटली नाही. आणि कोणाला सांगायची तर नाहीच."

५

घरी येताच डॉक्टरांनी कार्डांचा खोका टेबलावर उपडा केला. गौरजाचं कार्ड सापडलं. वीस नोव्हेंबर. स्वतःचंच अक्षर त्यांना दोनदा उजेडाकडे धरून लावावं लागलं.

"डावी कूस. एक चट्टा, लिंबाएवढा. गजकर्ण? महारोग? पां. मलम."

सगळं लख्ख आठवलं. पोर समोर बसली होती, तिची उजवी बाजू त्यांच्या डाव्या हाताला. कार्ड लिहायला घेतलं आणि तेवढ्यात तो इसम पाणी पिऊन कुडाळच्या डॉक्टरणीचा पत्ता विचारता झाला. मस्तक भणाणलं. त्या भरात डावं-उजवं झालं, कापूस राहिला, आणि तपासलं असतं तर जो शब्द लिहावाच लागला नसता, तो प्रश्नचिन्ह लावून खरडला गेला. पत्रातली चूक त्यांची होती. पत्रातलं लिंबूसुद्धा त्यांचंच.

दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत, खोकाही तिथेच. हात लावणारी माणसं दोनच. डॉक्टर स्वयंपाकघरात गेले. त्यांची बायको आनंदी कोकमाची सोलं निवडत होती. कार्ड तिच्यापुढे धरून ते म्हणाले, "ह्या वाच."

आनंदीनं चष्मा लावला, कार्ड आडवं धरलं, उभं धरलं. "कसला ह्या? मुंगळे चलल्यासारखा. अहो, तुमी वाण्याची यादी लिवन देतात तीसुद्धा मी गंगारामाकडसून वाचून घेतंय. तुमचा अक्षर ह्या जगात तो एकटो वाचता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं दुसऱ्या कोणाचं झालं असतं तर डॉक्टर पोट धरून हसले असते. ते पाटावर बसले.

गंगाराम मागच्या खोलीत खल पुसत होता. मलम घोटायचं काम उरलं नव्हतं तरी खल तो रोज पुसायचा. डॉक्टरांनी कार्ड आणि पत्र शेजारी-शेजारी ठेवलं. गंगारामानं दोन्हींकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

"मीच," तो म्हणाला. "कुडाळाक टायपिंगवाल्याकडे करून घेतलंय."

"कित्याक रे?"

"सत्तावीस वर्सा मी मलम घोटतंय. हाताची सालटी गेली. चेडवान ती डबी माझ्या हातात दिल्यान नि म्हणता, काका, ह्या लावू नको म्हणान सांगितल्यानी. हसान म्हणता! कुडाळच्या डॉक्टरणीन माझा मलम उकिरड्यात घातल्यान." गंगारामानं आपले तळवे पुढे केले. "माका ती हयसून जावक व्हयी होती. तुमका नको होती?"

"म्हणान पोरीच्या सुखात माती कालवलंस?"

"तुमी रोज काय म्हणतात? हिचा दुकान कोण बंद करीत तेका मी नारळ देतलंय. शंभर वेळा ऐकलंय. आणि महारोग माझ्या मनातलो नाय, डॉक्टरांनू. तो तुमच्या अक्षरात आसा. प्रश्न तुमी केलात. माका वाटला, डॉक्टराक उत्तर ठाऊक आसतला."

गंगाराम जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आपण दोघा सोडून कोणाक म्हायत नाय. सोमवारपर्यंत गप रवा. ती डॉक्टरीण आपसून जातली."

खरं सांगायचं तर डॉक्टर गप्प राहिले. शनिवार गेला, रविवारही निम्मा गेला. मास्तरांचे तीन फोन आले, ते त्यांनी उचलले नाहीत. गप्प राहिलं तर दीड वर्षाचं दुखणं एका सोमवारात बरं होणार होतं. औषध हातात होतं आणि फुकट होतं. मात्र त्यासाठी ती मुलगी जन्मभर एक खोटा शब्द अंगावर घेऊन फिरणार होती. रविवारी संध्याकाळी आनंदी सहज म्हणाली, "गौरजान कॉलेजाक राजीनामो लिवन ठेवल्यान, म्हणतत. लोक पुस्तका तिच्या हातातसून घेवक बघनत नाय."

डॉक्टर उठले आणि गंगारामाच्या घरी गेले. "उद्या सकाळी सातांक तयार रव," ते म्हणाले. "फोंडाघाटाक जावचा आसा."

६

काशीबाईंच्या घरी ओटीवर सगळे जमले होते. पुष्कर, त्याचे वडील, दोघे शेजारी. कौल लावायला निघायच्या तयारीत, नारळ पिशवीत घातलेले. काशीबाई दारात उभ्या होत्या, मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज, डोक्यावर पदर.

"पत्र माझ्या दवाखान्यातसून इला," डॉक्टरांनी बसायच्याही आधी सांगितलं. "ह्या गंगारामान लिवल्यान. पण तेच्यात जा काय आसा, ता माझा. चट्टो उजवीकडे होतो, मी डावी लिवलंय. रोग वेगळो होतो, मी भलतोच लिवलंय. तपासूक व्हया होता, ता मी करूक नाय."

"कित्याक करूक नाय?" काशीबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी ओटीवरच्या माणसांकडे पाहिलं. खोटं कारण त्यांनी वाटेत एक तयारही केलं होतं. ते त्यांना सांगता आलं नाही. "कुडाळची डॉक्टरीण माझ्यापेक्षा शाणी आसा, हेचो माका राग होतो. त्या रागात माझा ध्यान नाय होता. तिना रोग बरोबर ओळखल्यान. चेडवाक काय एक नाय. आता डाग पण जावक इले."

पुष्करच्या वडिलांनी नारळाची पिशवी खाली ठेवली. पुष्कर उठून गंगारामाच्या अंगावर धावला, त्याला शेजाऱ्यांनी धरलं. गंगाराम खाली मान घालून उभा होता; मारलं असतं तरी हलला नसता. काशीबाई मात्र डॉक्टरांकडे एकटक बघत होत्या.

"डॉक्टरांनू, वायच आत येवा," त्या म्हणाल्या.

मागच्या पडवीत गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि ब्लाऊजाच्या दोन्ही बाह्या कोपरावर चढवल्या. दोन्ही कोपरांवर तळहाताएवढे लाल, जाड चट्टे होते, वर चंदेरी पापुद्रे. बाही सरकली तशी त्यांतले काही जमिनीवर गळले.

"एकोणीस वर्सा," काशीबाई म्हणाल्या. "पुष्कराक सांगितलंय भाजल्याचे डाग. ह्येंनी कधी विचारूक नाय. मी कोणाच्या पोराक मांडयेर घेवक नाय. हळदीकुंकवाक गेलंय काय बाही ओढून बसतंय. ता पत्र इला तेवा माका वाटला, आज त्या चेडवाबद्दल लिवल्यानी, उद्या माझ्याबद्दल लिवतले. म्हणान मीच मोठ्यान ओरडलंय." त्यांनी एक कोपर पुढे केलं. "ह्यो काय? ह्यो तो आसा?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. या वेळी घाई केली नाही. दोन्ही कोपरं उजेडात पाहिली, नखं पाहिली. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खळगे होते. डोळे मिटायला सांगून त्यांनी काशीबाईंच्याच पदराचं टोक चट्ट्यावरून अलगद फिरवलं. "आता लागला," काशीबाई दर वेळी म्हणत होत्या. "आता परत. आता हय."

"महारोग नाय," डॉक्टर म्हणाले, आणि उघड्या तळव्यानं त्यांचं कोपर धरलं. "सोरायसिस म्हणतत हेका. कोणाक लागना नाय. पोरा मांडयेर घेतलात आसता तरी चलला आसता."

काशीबाई मटकन खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. एकोणीस वर्षांचं रडू ते, आवरायला वेळ लागला. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "औषद तुमी देशात?"

मलम देता आलं असतं. पेशंट आपणहून औषध मागत होता, तोही कुडाळच्या आधी आपल्याकडे. डॉक्टरांच्या जिभेवर 'देतंय' आलंही होतं. "कुडाळाक जावा," ते म्हणाले. "ह्या कामात ती माझ्यापेक्षा बरी."

काशीबाई बाह्या न ओढताच बाहेर आल्या. ओटीवरची माणसं त्यांच्या कोपरांकडे पाहत राहिली. पुष्करनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्याला त्यांनी हातानंच गप्प केलं आणि त्याच्याच फोनवरून गौरजाला फोन लावला.

"गो बाय, मी पुष्कराची आवस. कौल-बिल काय लावणंव नाय. लगीन ठरल्या दिसाक. आता माझा ऐक." त्यांचा आवाज ओटीवर सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "माझ्या कोपरांक चट्टे आसत. एकोणीस वर्सा मी लपवलंय. त्या डॉक्टरणीकडे जावचा आसा, नि माका एकटीक भय वाटता. तू येशीत माझ्यावांगडा?"

काशीबाईंनी फोन कानाशी दाबून धरला होता. मग त्यांचा चेहरा सैल झाला आणि त्यांनी डॉक्टरांकडे वळून पाहिलं.

"येता म्हणता. ती डॉक्टरीण किती वाजता बसता?"

दीड वर्षं रोज पोटात दुखणाऱ्या माणसाला हे विचारावं लागत नाही.

"साडेनऊ ते दीड, नि सांजेक पाच ते आठ," गुरुदास डॉक्टर म्हणाले. "गुरुवार बंद. पण नवांकच जावन नंबर लावा. गर्दी आसता."